कुंडलिकेवर कयाक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोलाडला जाऊन ‘कयाकिंग केलं’ असं सांगणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिल्या प्रकारच्या लोकांनी रिसॉर्टच्या काठाशी, संथ पाण्यात, अर्धा तास पॅडल मारलेलं असतं. मजा येते, फोटो चांगले येतात, विषय संपतो. दुसऱ्यांनी कुंडलिका नदीच्या धावत्या पाण्यात, रॅपिड्समधून, म्हणजे खडकांमधून फेसाळत उतरणाऱ्या पाण्यातून, स्वतःची होडी स्वतः हाकत काही किलोमीटर खाली जाऊन दाखवलेलं असतं. हा लेख दुसऱ्या प्रकारात जायची इच्छा असलेल्या, पण अजून पहिल्याच प्रकारात असलेल्या मंडळींसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. राफ्टिंग केलेलं असेल तर कयाक जमेलच असं नाही. राफ्टमध्ये आठ माणसं आणि मागे बसलेला गाइड असतो. तुम्ही पॅडल मारायचं थांबवलंत तरी राफ्ट खाली पोचते. कयाकमध्ये तुम्ही एकटे. पुढे जायला फारसं काही करावं लागत नाही, ते काम नदी फुकट करते. शिकायचं असतं ते थांबणं. हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी होडी प्रवाहातून बाहेर काढून उभी करता आली, की कुंडलिकेसारख्या नदीवरचा दिवस सुखाचा जातो. ते येत नसेल, तर उत्तम हेल्मेट आणि महागडी होडी असूनही तुम्ही केवळ वाहून गेलेले असता.

पाणी कुठून येतं आणि कधी येतं

कुंडलिका भिऱ्याच्या वरच्या डोंगरांत, देवकुंड धबधब्याच्या बाजूला उगम पावते आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. पावसाळ्यात ती इतर कोकणी नद्यांसारखीच तांबडी आणि बेफाम असते. पण दिवाळीनंतर कोकणातल्या बाकीच्या नद्या डबक्या-डबक्यांवर येतात, तेव्हाही कुंडलिकेला पाणी असतं. ते पाणी खरं म्हणजे तिचं नव्हेच.

ते मुळशीचं. मुळशी धरण मुळा नदीवर आहे. मुळा पूर्वेला वाहते, पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणाने तिचं पाणी अडवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून ५०० मीटरहून अधिक खाली, टाटांच्या भिरा वीजकेंद्रात उतरवलं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट हे नाव त्याच लढ्याने घरोघरी पोचलं. आपण ज्या पाण्यावर मजा करायला जातो त्याखातर मावळातली गावं बुडाली आहेत, हे कोलाडच्या कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

भिऱ्यातून बाहेर पडलेलं पाणी खाली अडवून रवाळजेच्या वीजकेंद्रात पुन्हा वापरलं जातं आणि मग नदीत सुटतं. वीज हवी तेव्हा पाणी. त्यामुळे सहसा सकाळी काही तास नदी भरून वाहते आणि नंतर उतरते. सकाळी नऊला ज्या दगडावरून होडी अलगद गेली, तोच दगड दुपारी उघडा पडून वाळत असतो. म्हणून कोलाडचे राफ्टवाले तुम्हाला सकाळी सकाळी हजर राहायला सांगतात, आणि ते उगाच घाई करत नसतात. उशीर केलात तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. मग होडी खांद्यावर आणि गोट्यांवरून पायपीट. एखाद्या दिवशी पाणी सुटतच नाही किंवा उशिरा सुटतं. ते आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं, आणि ‘बहुतेक सुटेल’ या उत्तराचा अर्थ ‘बहुतेक’ एवढाच घ्यायचा.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. पाणी नसताना नदी अगदी गरीब दिसते. पात्रात खडकावर बसून डबा खावा, पाय सोडावेत असं वाटतं. पण वर पाणी सुटलं की ती बघता बघता चढते. भोंगा वाजेल, कुणीतरी ओरडून सांगेल, या भरवशावर पात्राच्या मधोमध बसू नका. डबा काठावर.

कधी जावं

पहिल्या वेळेसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा बरी, पाणी स्वच्छ, प्रवाह जवळपास ठरलेला. मार्च ते मेमध्येही जाता येतं, फक्त कोकणातला उकाडा आणि ऊन सोसायची तयारी ठेवा. पाण्यावर असताना ऊन कळत नाही, संध्याकाळी मांड्या आणि पायाचे पंजे भाजलेले असतात.

जून ते सप्टेंबर जाहिराती जोरात असतात आणि राफ्टिंगला गर्दीही तेव्हाच. तुम्ही कयाकमध्ये नवखे असाल तर या महिन्यांत राफ्टमध्येच बसा. धरणाच्या पाण्यात ओढ्यांचं पाणी मिसळतं, किती ते कुणी ठरवत नाही, काठावरची झाडं पाण्यात येतात आणि गढूळपणामुळे दगड दिसत नाहीत.

कोणती होडी

नवख्याने मागायची ती हवा भरलेली कयाक, जिला गाइड लोक ‘डकी’ म्हणतात. रुंद असते, बुडाला भोकं असतात त्यामुळे आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं, दगडावर आपटली तर उसळून बाजूला होते. उलटली तर तुम्ही सरळ बाहेर पडता, कारण तुम्हाला आत धरून ठेवणारं काही नसतंच.

प्लास्टिकची कडक, तोंड बंद असलेली, कमरेभोवती रबरी झगा ताणून बसवायची ती खरी व्हाइटवॉटर, म्हणजे फेसाळत्या पाण्याची, कयाक. ती वळते झकास, पण उलटीही तितक्याच झटकन होते, आणि मग तुम्ही डोकं खाली, पाय होडीत अशा अवस्थेत असता. तिथून झग्याची पुढची पट्टी ओढून बाहेर पडणं हे आधी स्विमिंग पूलमध्ये किंवा संथ पाण्यात, शिक्षक शेजारी उभा असताना, अंगवळणी पडलेलं हवं. ते केलेलं नसेल तर ही होडी रॅपिडमध्ये घेऊन जाऊ नका आणि कुणी देत असेल तर घेऊ नका. पाण्याखालूनच होडी सरळ करणं, म्हणजे रोल, ही त्यापुढची गोष्ट. पहिल्या दिवसाला तिची गरज नाही.

तिसरी, रिसॉर्टवर असते ती वर बसायची प्लास्टिकची लांब कयाक. संथ पाण्यासाठी ठीक. रॅपिडमध्ये नको.

बुकिंग करताना काय विचारायचं

किंमत शेवटी विचारा. आधी हे विचारा: कयाक रॅपिडच्या टप्प्यात नेता की फक्त संथ पाण्यात? किती नवख्यांमागे एक गाइड? सोबत सुरक्षेसाठी वेगळी कयाक किंवा राफ्ट असते का? नदीत उतरण्याआधी किती वेळ शिकवता? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सर्वांत उपयोगी प्रश्न मात्र हा: ‘मला पोहता येत नाही, चालेल का?’ राफ्टसाठी ‘हो, चालेल’ हे उत्तर सर्रास मिळतं आणि लाइफ जॅकेट नीट असेल तर ते समजण्यासारखं आहे. कयाकसाठीही कुणी डोळे मिटून ‘चालेल’ म्हणालं, तर दुसरा आयोजक शोधा. स्पर्धेत जिंकण्याइतकं पोहणं नको, पण तोंडावर पाणी आल्यावर घाबरून न जाणं आणि जॅकेट घालून पन्नास-साठ मीटर काठाकडे हातपाय मारता येणं हवं. येत नसेल तर दोन महिने तरण तलावावर जा, नदी कुठे पळून जात नाही.

अंगावर काय, सोबत काय

सुती कपडे नकोत. भिजले की जड होतात आणि वाऱ्यात थंडी वाजते. धरणाचं पाणी जानेवारीच्या सकाळी चांगलंच गार लागतं. पटकन वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि तशीच पँट किंवा लेगिंग. ओढणी, लोंबणाऱ्या नाड्या, गळ्यातली साखळी, अंगठ्या घरी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर निदान टी-शर्टच्या आत घट्ट बसेल असं काहीतरी करा, कारण लटकणारी प्रत्येक गोष्ट फांदीत अडकू शकते.

पायात बंद बूट, जुने आणि लेस घट्ट बांधलेले, लेसची टोकं आत खोचलेली. चप्पल, फ्लोटर्स, क्रॉक्स यांपैकी काहीही नको. पहिल्या बुडीत ते रोह्याच्या दिशेने निघतात. चष्मा असेल तर मागून दोरी.

लाइफ जॅकेट घातल्यावर सोबतच्या माणसाला सांगा की खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढ. जॅकेट हनुवटीला लागलं, कानाशी आलं, तर ते सैल आहे; बाजूचे पट्टे पुन्हा आवळा. घट्ट, पण श्वास मोकळा घेता येईल इतपत बरोबर. जॅकेटचा फोम दाबून बघा. जुना, पापडासारखा झालेला फोम तरंगवत नाही, ते बदलून मागा, लाजू नका. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं. मागे सरकवून केस दिसतील असं घातलेलं हेल्मेट फक्त फोटोसाठी.

पाणी, चिक्की किंवा खजूर, आणि मोबाइल न्यायचाच असेल तर कोरड्या पिशवीत, होडीला बांधून. गाडीची किल्ली कुणाकडे राहणार हे आधी ठरवा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण गाडी वर आणि तुम्ही ओलेचिंब खाली असता तेव्हा नाही वाटत.

पोचायचं कसं

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि तिथून सुतारवाडीच्या रस्त्याने कोलाडकडे. वाटेत मुळशीचा जलाशय उजव्या हाताला लांबपर्यंत सोबत करतो. ज्या पाण्यावर बसणार ते वाटेतच बघून घ्या. घाटात पहाटे धुकं असतं, गाडी सावकाश. मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल काही लिहावं तर लेख तिथेच संपेल. एवढंच सांगतो की नकाशावर दाखवलेल्या वेळेत तासभर मिळवा, किंवा सरळ आदल्या रात्री मुक्कामाला जा. कोलाडला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, सकाळच्या पाण्याला त्या जुळतीलच असं नाही.

पोटभर मिसळ खाऊन नदीत उतरू नका. पोहे, केळं, चहा पुरे.

काठावरची शिकवणी

पाण्यात उतरण्याआधी काठाशी, संथ पाण्यात, निदान तासभर द्या. गाइड दहा मिनिटांत आटपत असेल तर ‘दादा, अजून एकदा दाखवा’ म्हणा. कोलाडला स्थानिक पोरांसोबत ऋषिकेशचे आणि नेपाळचे गाइडही असतात, त्यामुळे आज्ञा हिंदी-इंग्रजी मिश्रणात येतात: ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘एडी पकडो’ (एडी म्हणजे खडकामागचं संथ पाणी, त्याबद्दल पुढे). समजलं नाही तर पुन्हा विचारा. रॅपिडच्या आवाजात विचारता येत नाही.

बसताना पाठ ताठ, किंचित पुढे झुकलेली. आरामखुर्चीत रेलल्यासारखं मागे बसलात की होडी पहिल्याच लाटेत तुम्हाला टाकते. डकीत पाय समोरच्या फुगीर पट्ट्याखाली नुसते टेकवा, खोल खुपसू नका. पॅडल डोक्यावर आडवं धरून कोपर काटकोनात येतील एवढ्या अंतरावर हात ठेवा. मूठ सैल, जो माणूस पॅडल आवळून धरतो त्याचे मनगट तासाभरात बोलायला लागतं.

चार गोष्टी घोटायच्या. सरळ पुढे: पातं पायाच्या पंजापाशी बुडवा, कमरेपाशी बाहेर काढा, आणि ताकद दंडातून नको, कंबर फिरवून काढा. उलट मारून थांबणं. वळवणं: पातं पुढून मागे मोठ्या अर्धवर्तुळात फिरवलं की होडी दुसऱ्या बाजूला तोंड करते. आणि आधार: होडी एका बाजूला कलली की त्या बाजूला पात्याची पाठ पाण्यावर सपाट थापटायची आणि त्याच क्षणी कंबरेने होडी सरळ करायची.

मग मुद्दाम पडा. होय, काठाशीच, सगळ्यांदेखत. पडा, होडी उलटी असेल तर पलीकडची पट्टी धरून सरळ करा, पाय मागे पाण्यावर आणून जोरात झाडत छातीने होडीवर चढा आणि मग वळून बसा. हातांनी उचलून घ्यायला गेलात तर पाय होडीखाली जातात आणि तुम्ही लोंबकळत राहता. हे दमेपर्यंत करा. रॅपिडमधली निम्मी भीती ही ‘पडलो तर काय’ याची असते आणि ती इथेच उतरते.

पाणी वाचणं

राफ्टिंगचा टप्पा साधारण १२ किलोमीटरचा. नद्यांच्या रॅपिड्सची आंतरराष्ट्रीय प्रतवारी १ ते ६ अशी असते. कुंडलिकेवर २ आणि ३ सापडतात. २ म्हणजे लाटा आहेत पण वाट सरळ दिसते. ३ म्हणजे लाटा तोंडावर येतात आणि मध्येच वळावं लागतं. नवख्याला ३ मध्ये गाइडच्या मागोमागच जायचं असतं.

नदीचा डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतो. तुम्ही वळून वर बघत असलात तरी ‘डावीकडे’ म्हणजे तोच काठ. हे एकदा पक्कं झालं की निम्मे घोळ टळतात.

रॅपिडच्या तोंडाशी पाण्यावर दोन प्रकारची टोकं दिसतात. टोक खालच्या दिशेने, म्हणजे तुमच्यापासून दूर जात असेल, तर दोन खडकांमधून खोल पाणी जातंय. गुळगुळीत, काळसर, जिभेसारखा पट्टा. तीच वाट. टोक तुमच्याकडे, वरच्या दिशेने असेल, तर त्या टोकावरच दगड आहे, वर दिसो अथवा न दिसो. पाण्यावर एखादा फुगवटा जागचा हलत नाहीये आणि त्याच्या मागे पांढरा फेस उलटा वर येतोय, तर ते पाणी दगडावरून पडून गोल फिरतंय. लहान असेल तर जोरात पॅडल मारत सरळ पार व्हा. मोठं असेल तर बाजूने जा. आडव्या होडीने त्यात शिरायचं नाही.

सर्वांत वाईट गोष्टी मात्र आवाज करत नाहीत. काठावर आडवं पडलेलं झाड, पाण्यात लोंबणाऱ्या फांद्या, वेली: पाणी त्यातून गाळून पलीकडे जातं, माणूस अलीकडे अडकतो. लांबूनच बाजूला व्हायचं. दुसरं म्हणजे बंधारे. खाली डोलवहाळला कालव्यांसाठी नदीवर बंधारा आहे. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी आडव्या लाटण्यासारखं फिरत राहतं आणि आत गेलेल्या माणसाला जॅकेटसकट पुन्हा पुन्हा आत ओढतं. वरून बघाल तर एक सरळ, शांत रेघ दिसते. गाइडने सांगितलेल्या जागी बाहेर पडायचं; ‘अजून थोडं खाली जाऊ’ हा हट्ट इथे चालत नाही. आणि रोह्याच्या अलीकडे धाटावची औद्योगिक वसाहत लागते, तेव्हा तसंही खाली जाण्यासारखं काही उरत नाही.

थांबणं

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक मोठ्या खडकाच्या मागे, आणि काठाने वळण घेतलं की त्या कोपऱ्यात, पाणी संथ असतं किंवा हळूहळू उलट, वरच्या दिशेने फिरत असतं. हीच एडी. शेजारून नदी धावत असते आणि तुम्ही खडकामागे आरामात बसलेले असता, खालचा रॅपिड न्याहाळत, पाणी पीत, मागून येणाऱ्यांची वाट पाहत.

दोन पाण्यांमधली सीमा डोळ्यांनी दिसते: लहान लहान भोवरे, बुडबुडे, एका बाजूला खाली जाणारी पानं आणि हातभर अंतरावर वर येणारी पानं. ती रेघ ओलांडायची पद्धत ठरलेली आहे. लांबूनच खडकाच्या शेपटीवर नजर ठेवा, वेग वाढवा, आणि रेघ तिरकी कापा, खडकाच्या शक्य तितकं जवळून. होडीचं टोक रेघेच्या आत शिरलं की एडीतलं पाणी ते टोक वर ढकलतं आणि मागचा भाग अजून प्रवाहात असल्याने होडी स्वतःहून गर्रकन फिरते. त्या क्षणी वळणाच्या आतल्या बाजूला झुका, सायकल वळवताना झुकतो तसं, आणि आतल्या बाजूला एक पॅडल रोवा. होडी प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभी.

नवख्यांचं नेहमी काय होतं? हळू येतात. रेघेजवळ येऊन दबकतात, पॅडल हवेत धरतात. मग होडी रेघेवरच सरकत राहते, एडी निघून जाते आणि ते खालच्या रॅपिडमध्ये उलटं तोंड करून शिरतात. जोर लावायचा तो रेघेच्या आधी.

बाहेर पडताना तेच उलट. तोंड वर, प्रवाहाशी थोडा कोन, वेग घेऊन रेघ ओलांडा आणि झुका खालच्या, प्रवाह ज्या दिशेला जातोय त्या बाजूला. वरच्या बाजूला झुकलात तर येणारं पाणी होडीच्या काठावर चढतं आणि क्षणात उलटवतं. शरीर मात्र सहजपणे वरच्याच बाजूला झुकायला बघतं, कारण तिकडून पाणी येताना दिसतं. म्हणून हे सोप्या जागी, प्रवाह कमी असलेल्या पहिल्या एक-दोन एडींमध्ये कंटाळा येईपर्यंत करा. गाइडला सांगा की आम्हाला खाली पोचायची घाई नाही. पाण्याची असते, तेवढी पाळू.

रॅपिडमध्ये

एकावेळी एक होडी. पुढचा खालच्या एडीत पोचून पॅडल उभं धरेल, तेव्हा तुम्ही निघायचं. पॅडल डोक्यावर आडवं धरलं म्हणजे थांबा. पॅडल एका बाजूला दाखवलं म्हणजे तिकडून या. हात नेहमी सुरक्षित बाजू दाखवतो, धोका नाही. एक शिट्टी म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट. हे खुणांचं गणित निघण्याआधी सगळ्यांनी एकदा करून बघा.

आत शिरल्यावर पॅडल चालू ठेवा. लाट आली की पॅडल उचलून धरायची इच्छा होते, पण पाण्यात असलेलं पातं हा तुमचा तिसरा पाय आहे. आणि बघा तिकडे, जिकडे जायचंय. दगडाकडे टक लावली की होडी दगडाकडेच जाते, हे मोटारसायकलवाल्यांना सांगायला नको.

तरीही दगडावर आडवे गेलात, तर दगडाच्या दिशेने झुका, त्याला मिठी मारल्यासारखं. दगडापासून दूर झुकणं म्हणजे वरच्या पाण्याला होडीचा काठ आयता देणं.

पडल्यावर

पडणारच आहात. लगेच पाठीवर या, पाय पुढे आणि वर, बुटांची टोकं पाण्याबाहेर दिसतील असे. दगड आला तर पायाने ढकलता येतो. तोंडावर लाट येताना श्वास धरा, लाटांच्या मधल्या खळग्यात घ्या. होडी हाताशी असेल तर प्रवाह येतो त्या, तिच्या वरच्या अंगाला राहा, खालच्या अंगाला नको. पाण्याने भरलेली होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडायचं नाही.

आणि उभे राहू नका. गुडघ्याच्या वर धावतं पाणी असेल तर कितीही मोह झाला तरी पाय तळाला टेकवून उभं राहायचं नाही. पाऊल दोन दगडांच्या फटीत गेलं की पाणी तुम्हाला पुढे पाडतं, आणि अडकलेला पाय सोडवता येत नाही. चांगले पोहणारेही यात जातात. काठाशी हात तळाला लागेपर्यंत पोहत राहा, मग उठा.

गाइड दोरीची पिशवी फेकेल. दोरी पकडा, पिशवी नाही. खांद्यावरून छातीशी धरा, पाण्यावर पाठीवर पडून राहा. तो तुम्हाला झोक्यासारखा काठाला आणतो. दोरी हाताला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही, कधीच नाही.

आडवं झाड समोर आलंच आणि टाळता येत नाही, तर पाठीवरून पालथे व्हा, डोकं पुढे, आणि जोरात पोहत त्याच्यावर चढा. पाय पुढे ठेवून त्यात गेलात तर ते तुम्हाला आत घेतं. संपूर्ण लेखात ‘पाय पुढे’ला हा एकच अपवाद.

खाली पोचल्यावर

शेवटचा पट्टा संथ असतो, सगळे तिथे सैलावतात आणि हेल्मेट काढतात. होडीतून उतरेपर्यंत काढू नका. काठावरच्या शेवाळलेल्या दगडांवर घसरून डोकं आपटणारे लोक रॅपिडमध्ये पडणाऱ्यांपेक्षा कमी नसतात. होडी दोघांनी उचला. कुठे खरचटलं असेल तर नदीच्या पाण्याने नव्हे, स्वच्छ पाण्याने धुवून औषध लावा.

जेवण गावातल्या खानावळीत, आणि निघायच्या आधी सकाळीच ‘इतकी माणसं, अमुक वाजता’ असं सांगून ठेवलेलं. तांदळाची भाकरी, भात, मासे असतील ते, आणि सोलकढी. ओले बूट गाडीच्या डिकीत वर्तमानपत्र कोंबून ठेवा, नाहीतर सोमवारी गाडी उघडवणार नाही.

दुसऱ्या फेरीला काय करायचं? तोच टप्पा, तीच डकी, पण यावेळी गाइडला पुढे नको, मागे राहायला सांगा. वाट तुम्ही निवडा आणि प्रत्येक रॅपिडच्या वर आणि खाली एकेक एडी पकडा. दहातल्या सात-आठ जमायला लागल्या की मग कडक होडी आणि रोल शिकायला तरण तलावावर नाव घाला. पुण्याच्या मंडळींनी परतताना दुपारी चारच्या आत कोलाड सोडलं तर ताम्हिणी उजेडात चढून होतो. मुंबईकरांना मात्र रविवारी चार काय आणि सहा काय, वडखळला थांबावंच लागतं.